आधी ताट बघा, मग क्रीम

मालवणच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आहेत, मानेला खाज येते, कुठलं क्रीम लावू? ताई, आधी खाणं बघू या.

आपले बांगडे आणि तारली म्हणजे ओमेगा-३ या चांगल्या चरबीचा खजिना. शरीरातला दाह कमी व्हायला त्याची मदत होते. फक्त दर वेळी रव्यात घोळवून तळू नका, तिरफळं घालून तिखलं, म्हणजे तिखट दाटसर कालवण करा. मासे न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी खावी. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, नीट बनत नाही, म्हणून आवळा, पेरू, जेवणात लिंबू हवंच. पण लिंबू पोटात जाऊ दे, चेहऱ्याला अजिबात नको. रस लागलेली त्वचा उन्हात गेली की काळे डाग पडतात, कधी फोडही येतात.

पुटकुळ्यांसाठी खरी काटछाट साखरेची करा. बाटलीतल्या गोड कोकम सरबताऐवजी आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा घट्ट रस) पाण्यात घालून मीठ-जिरं टाका. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला मात्र नको, रंध्रं बुजतात.

मानेच्या खाजेकडे जास्त लक्ष द्या. आपल्या दमट हवेत गजकर्ण, म्हणजे त्वचेचा बुरशीचा संसर्ग, पटकन होतं. घामाचे कपडे लगेच बदलायचे, सुती वापरायचे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नका. खाज दबते, पण गजकर्ण आतून पसरत राहतं आणि मग बरं व्हायला फार वेळ लागतो. गोल, लालसर कडेचा चट्टा दिसला तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.