घरातली यहुदी रीत: आरंभ शुक्रवारच्या दिव्यापासून, की हिब्रू अक्षरांपासून?

(प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नवगाव

मुंबई-ठाणे-पुण्यातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी घरांपुरता हा प्रश्न मांडतो. सिनेगॉग लांब आहे, मिन्यानसाठी (सामूहिक प्रार्थनेसाठी) लागणारे दहा पुरुष दर आठवड्याला जमतातच असं नाही. मग जे काही उभं राहायचं ते घरातच. माझं ठाम मत: आधी शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) सुरुवात, पक्की करा, बाकी सगळं नंतर.

लागतं फार थोडं. सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे. मुंबईत नोव्हेंबर अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून. त्यामुळे ‘साडेसहा’ अशी एकच वेळ ठरवली की हिवाळ्यात हमखास चुकते. पुण्याची वेळ मुंबईच्या चारेक मिनिटं आधीची. तेलाचा दिवा लावत असाल तर पुण्याच्या थंडीत खोबरेल टाळा. 24 अंशांच्या खाली ते गोठायला लागतं आणि जेवण संपायच्या आत वात विझते. तिळाचं तेल उत्तम. मिश्नातल्या (जुन्या यहुदी नियमसंग्रहातल्या) शब्बाथच्या प्रकरणात विद्वानांनी तिळाच्या तेलाला नाव घेऊन परवानगी दिली आहे, आणि आपण तर कोकणातले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे!

किद्दुशचा (शब्बाथच्या आशीर्वादाचा) पेला किमान 86 मिलीचा, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त प्यायचं. वाइन नको असेल तर मनुक्यांचं सरबत चालतं. 250 ग्रॅम काळे मनुके कोमट पाण्यात चोळून धुवा (पाकिटातल्या मनुक्यांवर तेलाचा हात असतो), पाऊण लिटर पाण्यात पूर्ण एक दिवस फ्रिजमध्ये भिजवा, कुस्करा, फडक्यातून पिळून काढा. मनुका दाबल्यावर रस यायला हवा. खडखडीत वाळलेले घेतले तर ते नुसतं मनुक्यांचं पाणी होतं, त्यावर किद्दुश नाही. सरबत फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशीच फसफसतं.

मग दोन अखंड पोळ्या, मीठ, जेवण. जेवणानंतर वीस मिनिटं त्या आठवड्याचा पेराशा (तोराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, साप्ताहिक भाग) मराठीत. हिब्रू यायची वाट बघत बसलं तर या घरांत काहीच सुरू होणार नाही.

अलेफबेथ

दिवे आणि सरबताबद्दल वाद नाही. वाद शेवटच्या वाक्याशी आहे. देवनागरीत छापलेल्या बेराखा (आशीर्वादाच्या प्रार्थना) म्हणजे तात्पुरता आधार म्हणून घेतलेली काठी, ती मग जन्मभर सुटत नाही. तिच्यामुळे नेमकं काय बिघडतं ते शेमा या रोजच्या श्रद्धावचनावरच दाखवतो.

तिसऱ्या परिच्छेदात ‘तिज़केरू’ येतं, म्हणजे ‘तुम्ही आठवण ठेवाल’. शुल्हान आरूख या यहुदी नियमसंहितेत बजावलं आहे की इथला झायिन (इंग्रजी z सारख्या उच्चाराचं अक्षर) स्पष्ट घुमला पाहिजे, नाहीतर ते ‘मोबदला मिळवाल’ असं ऐकू येतं. देवनागरीत छापताना नुक्ता गळतो, उरतो नुसता ‘ज’. मराठी वाचक तो ‘जग’मधला वाचेल की ‘जेवण’मधला, हे नशिबावर. ‘हेत’, ‘हे’ आणि ‘खाफ’ या तीन हिब्रू अक्षरांसाठी आपल्याकडे ‘ह’ आणि ‘ख’ ही दोनच घरं, त्यामुळे ‘एहाद’ आणि ‘एखाद’ दोन्ही छापलेलं सापडतं. शब्द जोडून वाचायची सवय तर आणखी घातक. ‘अल लेवावेखा’, ‘बेखोल लेवावेखा’, ‘एसेव बेसादेखा’ या जागी एक शब्द ज्या अक्षरावर संपतो त्यावरच पुढचा सुरू होतो. तिथे मध्ये थांबायचं असतं, नाहीतर एक अक्षर गिळलं जातं.

म्हणून उलट क्रम: आधी रोज दहा मिनिटं अक्षरं. शेमाच्या पहिल्या ओळीत सहा शब्द आहेत आणि ती फक्त 12 वेगवेगळ्या अक्षरांत लिहिली जाते. आठवड्याला दोन अक्षरं धरली तर सहा आठवड्यांत ती ओळ डोळ्यांनी वाचता येते. दिवे त्यानंतर लावले तर बेराखा खरी वाचलेली असेल.

नवगाव

उच्चारांचे मुद्दे मान्य, क्रम अमान्य. सहा आठवडे घर अंधारात ठेवायचं कशासाठी? मिश्नाच्या सोता प्रकरणात सातव्या अध्यायाच्या आरंभीच यादी आहे: शेमा, तेफिला (उभ्याने म्हणायची प्रार्थना) आणि जेवणानंतरची बेराखा कोणत्याही भाषेत म्हणता येतात. अट एवढीच की म्हणणाऱ्याला ते कळलं पाहिजे. मराठी आपल्याला कळते. मुंबईत हग्गादा (पेसाह, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मराठी भाषांतरासह 1846 मध्ये छापली गेली, पुण्यात 1874 मध्ये. त्या पिढ्यांनी काठी टाकायची वाट पाहिली नाही.

अलेफबेथ

त्या हग्गादांत हिब्रू मजकूर होता आणि शेजारी मराठी अर्थ. तुम्ही मागताय ती देवनागरीतली हिब्रू. सोतामधली सवलत अर्थ समजून मराठीत म्हणणाऱ्याला आहे. ना धड हिब्रू वाचता येते, ना म्हटलेल्याचा अर्थ कळतो, अशा अवस्थेला तिचा आधार देता येत नाही.

खंडाळे फाटा

तुम्ही दोघंही शुक्रवारच धरून बसला आहात. मी म्हणते, शनिवारची रात्र धरा.

आपल्या घरांत एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव आणि मलिदा (गोड पोहे आणि फळांचा विधी) या दोन गोष्टी कोणी शिकवायला न येताही टिकल्या. मलिद्याच्या वेळी आपण एलियाहू हन्नाबी गातो आणि ‘वेयित्तेन लेखा’ची (‘देव तुला देवो’ या आशीर्वादाची) वचनं म्हणतो. हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवण्याचा विधी, झाल्यावर शब्बाथला निरोप देतानाही जगभरच्या यहुदी घरांत हीच दोन्ही म्हणतात. म्हणजे मलिद्याचा अर्धा पाठ आधीच तोंडात आहे, त्याला फक्त हवदाला जोडायची.

ती दहा मिनिटांत होते. पेला, लवंगा किंवा वेलदोडे, आणि दोन मेणबत्त्यांच्या वाती एकत्र धरून केलेली एक ज्योत. वेळ सूर्यास्तानंतर साधारण 40 मिनिटांची. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्याने हे अंतर वर्षभर फारसं बदलत नाही. युरोपातल्या तक्त्यांवरचे आकडे इथे उचलू नका.

त्यानंतर छोटा मलिदा: दोन वाट्या पातळ पोहे, पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, वेलची, थोडे बदाम-पिस्ते. पोहे भिजत ठेवायचे नाहीत, चाळणीत धुवून लगेच निथळायचे, नाहीतर गूळ घातल्यावर लगदा होतो. फळांच्या बेराखांचा क्रमही इथेच शिकवता येतो. खजूर आधी, कारण तो इस्राएलच्या सात उत्पन्नांत मोजला जातो. केळं झाडाचं फळ समजून चुकीची बेराखा म्हणतात. त्याला ‘हाअदामा’, म्हणजे जमिनीच्या पिकाची. मुलांना हे एकदा सांगितलं की ती आठवड्याभरात मोठ्यांना पकडतात.

नवगाव

मलिद्यावर माझा जीव आहे, पण ज्या दिवसाला घरात घेतलंच नाही त्याला निरोप कसला द्यायचा? शुक्रवारी दिवे नाहीत, शनिवारी दुकान, शाळा, खरेदी, आणि रात्री हवदाला! हवदाला शब्बाथ आणि कामाचे दिवस यांत सीमा घालते, आणि इथे सीमेच्या दोन्ही बाजू सारख्याच. मलिदा नवसाचा, लग्नाआधीचा, नव्या घराचा. दर आठवड्याला केला तर त्याचं मोल उतरेल अशीही भीती वाटते.

खंडाळे फाटा

नवसाचा मलिदा पाच फळांचं ताट मांडून होतो, तो तसाच राहू दे. मी सांगते तो वाटीभर. आणि दारातून आत यायला मागचं दार उघडं असेल तर तिथून या, पुढचं पुढे उघडेल.

भायखळा फास्ट

व्यवहाराचं बोलू. नोव्हेंबर-डिसेंबरात दिव्यांची वेळ पावणेसहाच्या आसपास येते, तेव्हा अर्धी माणसं लोकलमध्ये असतात. यावर हे नियम घरात लिहून लावा.

दिवे घरी असेल त्याने लावायचे, पुरुषाने लावले तरी चालतात. सूर्य मावळला असेल तर दिवे लावायचेच नाहीत, ‘उशीर झाला पण लावू’ हा हट्ट शब्बाथच मोडतो. दिवे राहिले तरी किद्दुश राहत नाही, रात्री नऊला आलात तरी करा. रात्रीही जमला नाही तर शनिवारी दिवसा करता येतो. हवदाला राहिली तर मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत म्हणता येते, तेव्हा मात्र ज्योत आणि सुगंध नाहीत, फक्त पेल्यावर. हे माहीत नसल्यामुळे एक शुक्रवार हुकला की माणसं सगळा महिना सोडून देतात.

कणकेबद्दलही एक. ‘हल्ला’, म्हणजे कणकेतून वेगळा काढायचा गोळा, बेराखेसह लागू होतो तो सुमारे 1.67 किलो पिठाला, बेराखेशिवाय सव्वा किलोच्या आसपास. चार माणसांच्या पोळ्यांना अर्धा किलो पीठ लागतं, तिथे तो प्रश्नच येत नाही. तरी दर शुक्रवारी गोळा काढून बेराखा म्हणणारी घरं आहेत. ती बेराखा वाया जाते.

लोदहून

इकडे चित्र उलटं आहे. लोद, रामले, दिमोना, बीरशेबा इथल्या आपल्या मुलांना हिब्रू घरची, मराठी आजीची. ती सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) धडधड वाचतात, पण मलिद्याची मराठी गाणी, बिरड्याचा रोजा (मंदिरनाशाचा उपास) किंवा दारफाळणीचा सण (योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे अक्षरं आली की घरची रीत आपोआप उभी राहते, हे अलेफबेथ यांचं गृहीतक मला पटत नाही. अक्षरं शाळा देते, सण घरात शिकावे लागतात.

पेराशा मराठीत वाचणाऱ्यांसाठी सूचना. मराठी बायबलं ख्रिस्ती संस्थांनी केलेली, त्यांचे वचनांचे आकडे काही ठिकाणी वेगळ्या गणनेचे आहेत. वायिश्लाह हा पेराशा आपल्याकडे उत्पत्ती 32:4 ला सुरू होतो, तिथे ते 32:3 असतं. शब्बाथ हग्गादोलची (पेसाहआधीच्या शब्बाथची) हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं वाचन, मलाखी 3:4 ते 3:24. त्या पुस्तकांत तिसरा अध्याय 18 ला संपतो आणि उरलेली सहा वचनं चौथ्या अध्यायात सापडतात. पान नाही म्हणून वाचन सोडू नका.

अलेफबेथ

लोदहून आलेला आक्षेप वजनदार आहे. सण घरातच शिकावे लागतात हे मान्य करतो, आणि अक्षरांसाठी दिवे थांबवा हे माझं म्हणणं मागे घेतो. पण अक्षरांना रोजची दहा मिनिटं पहिल्या आठवड्यापासूनच हवीत, ‘नंतर’ नाही. शिकवताना दालेथ आणि रेश एकाच आठवड्यात घेऊ नका, ‘हे’ आणि ‘हेत’ही नको. दोन्ही जोड्या दिसायला सारख्या आणि दोन्ही शेमाच्या त्या एका ओळीतच आहेत. एका जोडीतलं अक्षर पक्कं झाल्यावर किमान दोन आठवड्यांनी दुसरं. सेफर तोरात (सिनेगॉगमधल्या तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) त्या ओळीतला आयिन आणि शेवटचा दालेथ मोठे लिहिलेले असतात, सिनेगॉगमध्ये संधी मिळाली तर मुलांना ते दाखवा.

वीस मिनिटांच्या पेराशाबद्दल मात्र नवगाव यांनी आशा जास्त धरली आहे. बेरेशीथ (उत्पत्ती) आणि शेमोथचा (निर्गमाचा) पहिला अर्धा भाग गोष्टींच्या जोरावर पार होतो. तेरूमा या पेराशापासून मिश्कानची (निवासमंडपाची) मापं, मग वायिक्राची (लेवीयची) अर्पणं. घरचं वाचन तिथेच बंद पडतं. त्या आठवड्यांत पेराशाच्या सात भागांपैकी फक्त पहिला वाचा आणि उरलेला वेळ हफ्तारेला द्या. पेसाहनंतर पिर्के आवोथचे (पूर्वजांच्या नीतिवचनांचे) सहा अध्याय आहेतच, शवुओथ या सप्ताहांच्या सणापर्यंतच्या सहा शब्बाथांना एकेक.

नवगाव

तेरूमापासूनचा बदल घेतला. दहा मिनिटंही घेतली, पण शुक्रवारी नाही. शुक्रवारी दुपारी स्वयंपाक, आंघोळी आणि दिव्यांची घाई असते, तिथे अक्षरं घुसवली तर दोन्ही बुडतील. रविवार ते गुरुवार, रात्रीच्या जेवणाआधी.

खंडाळे फाटा

आणि शनिवारी रात्री?

नवगाव

हवदाला होईल. मलिदा ‘तू-बिश्वात’ या झाडांच्या सणाचा, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या जागी जातो तेव्हा. दर आठवड्याच्या मलिद्याला माझा विरोध कायम आहे.