मदत हवी आहे: जुन्या टाक्याच्या दोऱ्यावर मूत्राशयात खडा, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला, आई (वय ६२) भावाकडे ठाण्यात नौपाड्याला. आठ-नऊ महिने तिला सारखं युरिन इन्फेक्शन, गोळ्यांचा कोर्स झाला की पंधरा दिवस बरं आणि परत जळजळ, आणि आम्ही आपले तिलाच ओरडतोय की तू पाणी पीत नाहीस. शेवटी सोनोग्राफीत १८ मिमीचा खडा निघाला. मला वाटलं किडनीतून उतरला असेल, पण युरॉलॉजिस्टनी दुर्बीण घातली तर खडा भिंतीला चिकटलेला, हलेचना, आणि कडेने निळ्या दोऱ्याचं टोक लोंबतंय. स्क्रीनवर मी स्वतः बघितलं.

११ वर्षांपूर्वी आईची गर्भपिशवी काढलीये (हॉस्पिटलचं नाव नको), दोरा तेव्हाच्याच टाक्याचा असणार. डॉक्टर म्हणाले, खडीसाखरेत दोरा असतो ना, तसंच, लघवीतले क्षार दोऱ्यावर बसत जातात. म्हणून ब्लॅडरला (मूत्राशयाला) विरघळणारेच टाके घालतात, त्यातलं व्हिक्रिल ५६ ते ७० दिवसांत विरघळतं, प्रोलीन हा दुसरा दोरा विरघळत नाही. व्हिक्रिल बहुतेक वेळा जांभळं असतं, म्हणून निळा दोरा बघून त्यांना प्रोलीनची शंका आहे. जुन्या डिस्चार्ज कार्डावर दोऱ्याचा उल्लेखच नाही.

आता लेझरने खडा फोडायचं ठरलंय. भाऊ म्हणतो खडा गेला की विषय संपला. मला ते पटत नाहीये, दोरा तिथेच राहिला तर? दुर्बिणीतूनच निघतो का, की पोट उघडावं लागतं? कुणाच्या घरी झालंय का असं?

प्रतिसाद: ताई, मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे. शंका बरोबर आहे, दोरा राहिला तर त्यावर परत खडा धरू शकतो. खडा फोडल्यावर दोरा ओढून धरतात आणि भिंतीलगत कापतात, बऱ्याचदा दुर्बिणीतूनच होतं. काही वेळा नाही जमत, तेव्हा उघडावं लागतं, तेवढी मनाची तयारी ठेवा. आणि व्हिक्रिलवर कधीच होत नाही असं नाही हं, विरघळायच्या आत इन्फेक्शन असलं तर त्यावर पण धरतो. आधी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ती तपासणी) करून इन्फेक्शन आटोक्यात आणून घ्या, आणि खड्याचे तुकडे टाकू देऊ नका, तपासायला पाठवा.

धागाकर्ती: खूप आभार सिस्टर, भावाला हेच वाचून दाखवते. आई विचारतेय, दोरा निघाला की तिला बघायला देतील का? अकरा वर्षं पोटात सांभाळलाय म्हणे.