मदत हवी आहे: पगार सरकार देतं, कर सरकारच कापतं, मग सरकारी नोकर खरंच कर भरतो का?

देयकलेखक

नमस्कार मंडळी. राज्य शासनाच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेला आहे, पगारबिलं माझ्याकडे असतात. पुढच्या महिन्यात संघटनेचा अभ्यासवर्ग आहे आणि 'वेतन, कर आणि श्रमाचं मोल' हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. समोर लिपिक, परिचारिका, शिपाई असतील, शिवाय काही अंगणवाडी सेविका आणि आशाताई. भाषण ठोकायला काही लागत नाही, घोषणा तयारच असतात. पण एका प्रश्नावर मी अडकलोय आणि तो सभेत कोणीतरी विचारणारच.

प्रश्न माझ्या साडूचा. तो खासगी कंपनीत आहे. त्याचं म्हणणं असं: "तुझा पगार माझ्या करातून. त्यातला थोडा सरकारने स्वतःकडेच ठेवून घेतला, त्याला तू कर म्हणतोस. तेवढा पगार आधीच कमी दिला असता तर काय बिघडलं असतं? तू कर भरत नाहीस, तुला पगार थोडा कमी मिळतो, इतकंच."

वैताग असा की पगारबिल करणाऱ्या माणसाला हे धडधडीत खोटं म्हणता येत नाही. एखाद्या अधिकाऱ्याचं बिल घ्या. एका बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे. दुसऱ्या बाजूला भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर, आयकर. आयकराच्या रकान्यातला पैसा कोणाच्या हातात येत नाही. त्याचं बँकेत चलनही भरलं जात नाही. कोषागारात बिल पारित होतं, निव्वळ रक्कम खात्यावर जाते आणि आयकर पुस्तकी समायोजनाने या लेखाशीर्षातून त्या लेखाशीर्षात सरकतो. कोषागार अशा नोंदींचं मासिक विवरण (२४जी) भरतं, त्यावर बीआयएन हा नोंदीचा ओळख क्रमांक येतो, तो आम्ही तिमाही विवरणात टाकतो. झाला कर भरून.

वर्षाचा उरलेला कर कापून फेब्रुवारीचा पगार हातात किती येतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना ही नुसती 'नोंद' वाटत नाही. पण ही तक्रार झाली, साडूला उत्तर नाही.

तर दोन गोष्टींत मदत हवी. साडूचा मुद्दा हिशेबाने कितपत खरा? आणि आमच्या कामाला बाजारात किंमत लागत नाही, मग त्याचं मोल देश कसं मोजतो? शक्यतो घोषणा नकोत, त्या माझ्याकडे भरपूर आहेत.

कोषागारातला

निवृत्त माणूस, वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे साडू 'सरकार' हा एकच खिसा धरून चाललेत. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं जवळपास बरोबर आहे: पगार केंद्राचा, आयकरही केंद्राचा. तुमचं तसं नाही. तुमचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि आयकर केंद्राकडे जातो. तुम्ही म्हणता तो 'सरकलेला' पैसा राज्याच्या खात्यातून बाहेर गेलेला असतो.

परत किती येतो ते बघा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी विभाज्य (राज्यांशी वाटून घ्यायच्या) करांतला ४१ टक्के वाटा सगळ्या राज्यांना मिळून दिला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. म्हणजे त्या दराने तुमच्या पगारातून १०० रुपये आयकर गेला, तर त्याच्या वाट्याचे साधारण २ रुपये ५९ पैसे महाराष्ट्राला परत. वर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर कापता ना, त्यातला छदामही वाटपात येत नाही, उपकर आणि अधिभार केंद्राचेच. (वसुलीचा खर्च वगैरे बारकावे सोडून दिलेत, अंदाज यावा म्हणून.)

उलट व्यवसाय कर बघा, तो राज्याचा. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने यापेक्षा जास्त लावताच येत नाही. इथे साडूंचं म्हणणं लागू पडतं: राज्यानेच दिले, राज्यानेच घेतले. पण हा कर आला कशासाठी? १९७५ चा कायदा झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. पगारदाराकडून घ्यायचं आणि रस्त्यावर, पाझर तलावावर खडी फोडणाऱ्याला मजुरी द्यायची, असा तो सरळ व्यवहार होता. आजच्या किती कर्मचाऱ्यांना हे माहीत असेल? अभ्यासवर्गात जरूर सांगा.

उलटतपासणी

मी साडूंच्या बाजूचा. खासगी नोकरी, मूळ मुद्द्याला धरून बोलतो. केंद्र-राज्य ठीक आहे, पण करदात्याच्या नजरेतून एकूण सरकारी व्यवस्था एकच. एका कर्मचाऱ्याला १०० देऊन १५ परत घेतले तर व्यवस्थेचा निव्वळ खर्च ८५. तो १५ रुपयांचा कर सरकारच्या हातात नवा पैसा आणत नाही. हे चूक असेल तर दाखवा.

आणि दुसरं, २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर १२ लाख ७५ हजार. मग तुमच्या सभेतल्या बहुतेक लिपिक-शिपायांचा आयकर शून्यच असणार. वाद घालताय कशावर?

आकडेमोड

@उलटतपासणी, ८५ चा हिशेब चूक नाही. पण तो पूर्ण करा ना. रस्त्याच्या ठेकेदाराला सरकार बिल देतं, त्यातूनही टीडीएस कापतं, आणि त्याच्या नफ्यावरचा करही सरकारी पैशातूनच येतो. त्याला कोणी 'हा कर भरत नाही, फक्त कमी बिल घेतो' म्हणत नाही. औषधं पुरवणारी कंपनी, सरकारी वकील, शाळेला बाकं देणारा, सगळ्यांना हाच नियम लावा. मग देशातल्या कर भरणाऱ्यांची यादी झरझर आखडते आणि कोणाच्या उत्पन्नात सरकारी पैसा किती टक्के मिसळलाय ते शोधत बसावं लागतं. तुमची कंपनी सरकारला काहीच विकत नाही?

'आधीच कमी पगार द्या' याला खरं उत्तर वेगळं आहे. एकाच वेतनश्रेणीतले दोन कर्मचारी घ्या. एकाला गावाकडच्या घराचं भाडं येतं, दुसऱ्यावर गृहकर्ज आहे आणि तो जुन्या प्रणालीत वजावटी घेतो. दोघांचा कर वेगळा. कर माणसाच्या एकूण उत्पन्नावर बसतो, पदावर नाही. आधीच कापून पगार ठरवायचा तर प्रत्येक अर्थसंकल्पानंतर सगळ्या वेतनश्रेण्या नव्याने लिहाव्या लागतील, आणि घरभाडे मिळवणारा मोकळा सुटेल.

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेत १८४२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की संघराज्याच्या अधिकाऱ्याच्या पदावर घटक राज्याने कर लावायचा नाही, कारण एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या यंत्रणेवर कर लावल्यासारखं होतं. पुढे उलट बाजूनेही तेच धोरण धरलं. ही सूट जवळजवळ शंभर वर्षं चालली आणि १९३९ मध्ये न्यायालयानेच ती मोडीत काढली. कर माणसाच्या उत्पन्नावर असतो, त्याच्या मालकावर नसतो, असा त्या निकालाचा रोख. संयुक्त राष्ट्रसंघाची गंमत त्याहून वरची: तिथल्या पगारावर बहुतेक देश कर घेत नाहीत, म्हणून संस्था स्वतःच पगारातून कराच्या धर्तीवर कपात करते, ठोक पगार वेगळा आणि निव्वळ पगार वेगळा दाखवते. साडू ज्याला निव्वळ कागदी खेळ म्हणतात तो त्यांनी जाणूनबुजून मांडलाय.

आता मोलाचा प्रश्न, आणि मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात फुकट मिळणाऱ्या सरकारी सेवेला बाजारभाव नसतो, म्हणून तिचं मूल्य धरतात ते खर्चावरून: कर्मचाऱ्यांचे पगार, लागलेलं सामान, इमारती-यंत्रांची झीज. नफा धरत नाहीत. आता याचा अर्थ बघा. परिचारिकेने पाळीत वीस रुग्ण सांभाळले काय नि चाळीस काय, चालू किमतींच्या हिशेबात तिची भर तेवढीच, पगाराइतकी. वेतन आयोग लागला की तेच काम करून तिचं 'मूल्य' वाढतं. ब्रिटनमध्ये २००५ साली अर्थतज्ज्ञ अ‍ॅटकिन्सन यांच्या अहवालाने यावर बोट ठेवलं आणि किती रुग्णांवर उपचार झाले, किती मुलं शिकली यावरून मोजावं असं सुचवलं. ते सोपं नाही. दाखले वाटले की आकडा वाढतो, ते बरोबर वाटले का हे आकड्यात दिसत नाही.

म्हणजे गोल गोल फिरणं आहे: पगार का, तर कामाचं मोल, मोल किती, तर पगाराइतकं.

कोषागारातला

आकडेमोड यांनी छान मांडलंय. पगार कशावरून ठरतो त्यात थोडी भर. किमान वेतन ठरवताना केंद्रीय वेतन आयोग आजही १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेचे निकष घेतो. कामगाराचं कुटुंब तीन उपभोग एककांचं: पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. माणशी उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, इंधन. आहाराचा हिशेब पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांचा. सातव्या आयोगाचे किमान वेतनाचे १८,००० रुपये याच पायावर उभे राहिले, १ जानेवारी २०१६ पासून. त्यात शिपायाने दिवसात किती फायली हलवल्या याचा हिशेब कुठेच नाही. जगायला किती लागतं, एवढाच आहे. (०.८ वाली बायको घरी दिवसभर जे राबते त्याला एकक कुठलं, हे परिषदेने विचारलं नाही. आम्हीही चाळीस वर्षांत विचारलं नाही.)

उलटतपासणी

ठेकेदाराचा मुद्दा मान्य. आमची कंपनी महापालिकेला पंप पुरवते, हेही मान्य. :) पण अ‍ॅडम स्मिथने राजा, न्यायाधिकारी, सैन्य सगळ्यांना अनुत्पादक श्रमांतच टाकलं होतं ना?

आकडेमोड

टाकलं होतं, १७७६ च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात. त्याच यादीत वकील, वैद्य, गवईही आहेत. अनुत्पादक म्हणजे निरुपयोगी असं त्याने म्हटलेलं नाही. ज्या कामातून विकता येईल, साठवता येईल अशी वस्तू मागे उरत नाही ते काम, असा त्याचा निकष. तो लावला तर आजची अर्धी खासगी सेवाक्षेत्रं त्या रांगेत उभी राहतील. आणि स्मिथ स्वतः १७७८ पासून स्कॉटलंडचा सीमाशुल्क आयुक्त होता, सरकारी पगारावर. म्हणजे तो तुमच्या देयकलेखकांच्या संघटनेचा सभासद होऊ शकला असता.

गटप्रवर्तक

सगळं वाचलं. आमच्या बायकांचं कुठे बसतं यात? आशा आयकर भरत नाही, भरण्याइतकं मिळतच नाही. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका', तिला मिळतो तो 'मोबदला'. अंगणवाडीत 'मानधन'. वेतन हा शब्द चुकूनही येत नाही, कारण तो आला की त्याच्यामागून रजा, निवृत्तिवेतन सगळं येतं. घरोघरचा सर्व्हे आमचा, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं आमच्याकडे, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करायची तीही आम्हीच, वर ऑनलाइन माहिती भरायची ती स्वतःच्या मोबाइलवर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. त्या महिन्याचा मोबदला मात्र उशिरानेच आला.

वर आकडेमोड यांनी लिहिलं की मोल पगाराइतकं धरतात. मग आशाच्या कामाची देशाच्या उत्पन्नात भर तिच्या मोबदल्याएवढीच? आणि साडूंच्या हिशेबाने कर नाही म्हणून मोल शून्य? दोन्हीकडून आमचाच तोटा.

देयकलेखक

सगळ्यांचे आभार, विशेषतः गटप्रवर्तक ताईंचे. त्यांच्यामुळे मांडणीच बदलली.

आता असं बोलायचं ठरवतोय. सुरुवातीलाच साडूचा मुद्दा जितका खरा तितका मान्य करून टाकायचा: कागदावर ही नोंदच आहे. मग २ रुपये ५९ पैशांचा हिशेब फळ्यावर करून दाखवायचा, ठेकेदाराचं बिल शेजारी मांडायचं. 'आम्हीही कर भरतो' ही घोषणा मात्र यंदा द्यायची नाही. ती दिली की कर न भरणारा शिपाई आणि आशाताई आपसूक खालच्या रांगेत जातात, आणि संघटनेनेच त्यांना तिथे बसवल्यासारखं होतं. हे काही पदाधिकाऱ्यांना रुचणार नाही, बॅनर छापून झालाय. बघतो कसं पटवायचं ते.

१९५७ च्या निकषांवर जास्त वेळ देईन. कुटुंबाच्या गरजेवरून किमान वेतन काढायची रीत सरकारने आपल्या नोकरांसाठी मान्य केली आहे, मग पूर्ण दिवस सरकारचंच काम करणाऱ्या सेविकेला ती का लागू नाही, हा प्रश्न तिथूनच सरळ निघतो. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल त्याला जोडतो.

एकच अडचण उरली. त्या निकालानंतर राज्याने सेविका-मदतनीसांच्या ग्रॅच्युइटीबाबत काय काय काढलं, ते सलग हवंय. आमच्या कार्यालयात महिला व बालविकासचे शासन निर्णय येत नाहीत. कोणाकडे क्रमांक आणि दिनांकासह यादी असेल तर इथेच टाका, व्यनि (खासगी निरोप) नको, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.