शाहू जन्मस्थळावरून हॅम रेडिओ: अँटेना कुठं बांधायचा?

येत्या शाहू जयंतीला, २६ जूनला, कसबा बावड्यातल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातून दिवसभर हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या बिनतारी रेडिओचं, स्टेशन चालवायची आमच्या क्लबची इच्छा आहे. महाराजांचा जन्म तिथलाच, १८७४ चा. मी बावड्यातच वाढलो. शाळेची पोरं संग्रहालय बघतात, फोटो काढतात, निघतात. त्यांनी माईकवर ‘कोल्हापूर बोलतंय’ म्हणावं आणि लांबून उत्तर यावं, एवढंच मनात आहे. ४० मीटर बँडचा (साधारण ७ मेगाहर्ट्झच्या लहरींचा) डायपोल, म्हणजे मधून जोडलेला दोन तारांचा अँटेना, भिंतीला न लावता कसा उभारू?

उत्तर १
भिंतीला खिळासुद्धा नको. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण वीस मीटर तार, म्हणजे प्रत्येक बाजू दहा. मधोमध फायबरचा खांब, दोन्ही टोकं नायलॉन दोरीनं खाली खुंट्यांना. असा उलट्या व्ही आकाराचा अँटेना, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही, छान चालतो. पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. आणि जून आहे, ढग गडगडले की अँटेनाची केबल रेडिओतून लगेच काढा.

उत्तर २
दादा, माईक परवानाधारकाच्याच हातात राहू दे. पोरांना हेडफोन द्या, लॉग, म्हणजे कोणाशी कधी बोलणं झालं त्याची नोंद, लिहायला बसवा. त्यातूनच एखादी पोरगी हॅम परवान्याच्या परीक्षेला बसेल.

मूळ प्रश्नकर्ता
माईकचं पटलं, लॉग पोरंच लिहितील. इमारतीतल्या एलईडी दिव्यांचा रेडिओत खरखराट येईल का?

उत्तर १
येऊ शकतो. स्टेशन इमारतीपासून लांब, झाडाखाली मांडा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. दुपारी आसपासचे जिल्हे मिळतील, अंधार पडल्यावर लांबचे.