यू ४७ सारखा आवाज हवाय: किट जोडू की तयार प्रतिकृती घेऊ?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. घरातल्या खोलीतच गाणं रेकॉर्ड करते. बहुतेक वेळा एकटा आवाज, फार तर सोबत गिटार. सध्याचा मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक स्वस्तातला आहे. जाहिरातीत 'व्हिंटेज ट्यूब' म्हटलं होतं आणि आत खरंच व्हॉल्व्ह (म्हणजे ती ट्यूब) आहे, पण 'स' आणि 'श' असे टोचतात की मिक्स करताना निम्मा वेळ डी-एसरशी (टोचणारे 'स' दाबणाऱ्या साधनाशी) झटापट करण्यात जातो. मला हवाय न्यूमन यू ४७ या जुन्या जर्मन स्टुडिओ माइकचा तो भरीव, कानाजवळ येऊन गायल्यासारखा आवाज. अस्सल माइक या जन्मी परवडणार नाही. सोल्डरिंग येतं, गिटारचे दोन-तीन पेडल किटवरून जोडलेत आणि ते चालतात. तर किट घ्यावं की तयार प्रतिकृती? आणि 'व्हीएफ १४ व्हॉल्व्ह नसेल तर यू ४७ हे नुसतं सोंग' असं वाचलं, त्यात कितपत तथ्य?

टेप_चालू_आहे:
तयार घ्या आणि गायला लागा. मी वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए-४७ वापरतो. आत व्हीएफ १४ नाही, ५७५१ आहे. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही आजवर व्हॉल्व्हचा नंबर विचारलेला नाही.

ग्रिडलीक:
वरचा सल्ला चूक नाही, पण प्रश्नाचा गाभा बाजूलाच राहिला. व्हॉल्व्हच्या रेडिओ-अँप्लिफायरच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, अलीकडे माइकही येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचे 'स' आणि 'श'. बाजारातल्या बहुतेक स्वस्त मोठ्या कॅप्सूल (माइकमधला आवाज पकडणारा, पडद्याचा भाग) न्यूमनच्या के ६७ च्या नकला असतात, तुमचीही तीच असावी. ही कॅप्सूल मुळातच वरच्या पट्टीत उठाव देणारी. १९६० साली न्यूमनचा यू ६७ माइक आला तेव्हा तो उठाव खाली आणायची सोय सर्किटमध्ये होती: ट्रान्सफॉर्मरवरच्या तिसऱ्या वाइंडिंगमधून निगेटिव्ह फीडबॅक. कॅप्सूल चढवणार, सर्किट उतरवणार, असा तो हिशेब. नकला करणाऱ्यांनी कॅप्सूल तेवढी उचलली आणि उतरवणारं सर्किट सोडून दिलं. त्या जागी एक साधा ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) बसवला. काही जण तर व्हॉल्व्ह झगझगीत दिसावा म्हणून मागे एलईडी लावतात! म्हणजे टोचतो तो व्हॉल्व्ह नव्हे, बेजोड जोडी.

म्हणून प्रतिकृती बघताना मी पहिल्यांदा विचारतो, कॅप्सूल कुठली आणि ती कोणत्या सर्किटला जोडली आहे? बाहेरून हुबेहूब यू ४७ आणि पोटात के ६७ असे नग भरपूर फिरतात. तुम्हाला लागेल ती के ४७ पद्धतीची कॅप्सूल. मूळ यू ४७ मध्ये एम ७ कॅप्सूल होती, पण तिचा पडदा पीव्हीसीचा. वयोमानाने तो कडक होऊन चिरतो, त्यामुळे जुनी एम ७ शोधण्याच्या फंदात पडू नका. मायलर पडद्याची के ४७ न्यूमननेच नंतर त्याच माइकमध्ये वापरली.

आता व्हीएफ १४. टेलिफुंकनचा पोलादी कवचातला पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह), यू ४७ मध्ये ट्रायोडसारखा जोडलेला. त्याचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ५५ व्होल्टचा, पण न्यूमनने त्याला दिले ३५-३६. मुद्दाम कमी तापवलेला. पॉवर सप्लायकडून साधारण १०५ व्होल्टची एकच लाइन येते आणि हीटर, प्लेट, कॅप्सूलचं पोलरायझेशन (तिला लागणारं स्थिर व्होल्टेज) सगळं तिच्यावरच भागतं. हीटरच्या वाटेवरचे उरलेले सत्तरेक व्होल्ट माइकच्या आतच एका रेझिस्टरवर पडतात, म्हणजे पावणेतीन वॅटच्या आसपास उष्णता. अस्सल यू ४७ हाताला कोमट लागतो तो यामुळे. इतक्या काटकसरीत इतकं चांगलं सर्किट मी दुसरं पाहिलेलं नाही. व्हॉल्व्हचं उत्पादन थांबलं, साठा आटत गेला आणि साठच्या दशकाच्या मध्यावर माइकही बंद पडला. खराब झालेल्या व्हीएफ १४ च्या जागी न्यूमननेच न्यूव्हिस्टर या छोट्या व्हॉल्व्हचा पर्याय दिला होता, तेव्हा 'सोंग' म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी भांडावं. किटमध्ये ईएफ १४ किंवा ईएफ ८०० असतात, ते पुरेसे आहेत. अस्सल व्हीएफ १४ चा एक नग ज्या किमतीला जातो त्यात अख्खं चांगलं किट येऊन वर पैसे उरतात.

तुम्ही शोधताय तो भरीवपणा, माझ्या मते, कॅप्सूल आणि यू ४७ चा बीव्ही ८ ट्रान्सफॉर्मर यांच्यात जास्त आहे. पैसे तिकडे ओता. तयार माइकमध्ये हे दोन्ही नीट असतील तर खुशाल तयार घ्या.

जाळीदार:
ग्रिडलीक साहेबांनी डोक्यावरची जाळी विसरून अन्याय केला. यू ४७ ची जाळी मोठी आणि मोकळी असते. स्वस्त बॉडीची जाळी बारीक आणि दाट, आवाज आतल्या आत उसळतो आणि कॅप्सूल कितीही महाग असली तरी डबा बोलतो. एकदा जाळी काढून आपलाच आवाज रेकॉर्ड करून बघा. हम येईल, फुंकर लागेल, पण फरक कळेल.

मंद्रसप्तक:
सगळ्यांचे आभार, डोक्यात बराच उजेड पडला. मग आहे त्याच माइकमध्ये के ४७ बसवली तर? शिवाय पेडल जोडता येतात म्हणजे माइकही जोडता येईल, हे गृहीत धरू का?

ग्रिडलीक:
जाळीबद्दल जाळीदार यांना पूर्ण अनुमोदन.

मंद्रसप्तक ताई, कॅप्सूल बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि शहाणा पहिला टप्पा. माउंटची मापं आधी जुळवून बघा. पोलरायझेशन व्होल्टेजही तपासा, के ४७ ला साठ व्होल्टच्या आसपास हवेत. साधा मल्टीमीटर थेट कॅप्सूलवर लावलात तर खोटा आकडा दिसेल, कारण तिथलं इम्पीडन्स प्रचंड आणि मीटरच व्होल्टेज खाली ओढतो. कॅप्सूलला व्होल्टेज पोचवणाऱ्या मोठ्या रेझिस्टरच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला मोजा. आणि सध्याचीच कॅप्सूल ठेवायची असेल तर प्लेटपासून ग्राउंडला एक छोटा कपॅसिटर लावून वरची पट्टी थोडी झुकवता येते. किती पिकोफॅरॅड ते तुमच्या सर्किटवर ठरेल, लहानापासून सुरुवात करून कानाने ठरवा.

पेडलचं म्हणाल तर हात तोच, पण दोन गोष्टी निराळ्या. एक, पेडल ९ व्होल्टवर चालतं. इथे यू ४७ पद्धतीला शंभराच्या वर आणि यू ६७ पद्धतीला दोनशेच्या वर व्होल्टेज असतं. स्विच बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात. त्यांना रिकामं करणारा ब्लीडर रेझिस्टर आहे ना ते बघा, तरीही मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नका. दुसरी, ग्रिडची जागा, म्हणजे कॅप्सूलचा सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती. तिथला रेझिस्टर शेकडो मेगाओमपासून गिगाओमपर्यंतचा, त्यामुळे फ्लक्सचा डाग किंवा बोटाचा घाम हीसुद्धा करंटला वाट ठरते आणि दमट दिवशी माइक तडतडायला लागतो. ग्रिडचे जोड बोर्डवर नकोत, टेफ्लॉनच्या खुंट्यांवर घ्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पुसल्यावर हात लावू नका.

कॅप्सूल सगळ्यात शेवटी बसवा. तिच्या जागी आधी पन्नास-साठ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, बॉडी पूर्ण बंद करा आणि ऐका. खरखर आली तर दोष व्हॉल्व्हचा नाहीतर सफाईचा, कॅप्सूलवर संशय घ्यायला नको. एकाच जातीचे तीन-चार व्हॉल्व्ह घेऊन ठेवा, प्रत्येक एक दिवस तापू द्या आणि सर्वांत शांत निघेल तो ठेवा.

टेप_चालू_आहे:
एक भर: सात पिनांची केबल सगळीकडे सारखीच दिसते, पण पिनांची जोडणी कंपनीगणिक वेगळी. एकाचा सप्लाय दुसऱ्याच्या माइकला लावू नका. हीटरच्या पिनवर प्लेटचं व्होल्टेज गेलं की व्हॉल्व्ह तिथेच संपला.

मंद्रसप्तक:
ठरलं, आधी कॅप्सूल. आत्ताच माइक उघडला. मागच्या बाजूलाही पडदा आहे आणि मधल्या पितळी भागात दोन वेगळ्या चकत्या स्क्रूने जोडल्यासारख्या दिसतात. ही के ६७ च ना?

ग्रिडलीक:
तीच. के ६७ ची बॅकप्लेट (पडद्यांमधला धातूचा भाग) दोन तुकड्यांची, के ४७ ची एकसंध. दोन्ही पडद्यांच्या वायरी कुठे जातात त्याचा फोटो काढून ठेवा आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. पडद्याला फुंकर मारून धूळ उडवू नका, थुंकी लागते.