मदत हवी आहे: हातावर गळका टँकर गोंदवायचाय, विनोद टिकेल का?

भुईमूग_लातूर: उजव्या हाताच्या आतल्या बाजूला पाण्याचा गळका टँकर, खाली 'निघालोच, पाचच मिनिटं'. लांबी दोन इंच, नंबरप्लेटसकट. थेंब फिके निळे. पुढच्या आठवड्यात बसायचंय. काही चुकतंय का?

सुई_शाई: टँकर झकास, आपल्याकडं तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण दोन इंचात हे मावणार नाही भाऊ. शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते, प्लेटवरच्या तीन मिलिमीटरच्या अक्षरांचा काळा डाग होतो. प्लेट काढा. टँकर साडेतीन-चार इंच, चाकं आतून पोकळ, थेंब तीनच आणि सुटे सुटे. फिका निळा सावळ्या कातडीवर उठत नाही; काळी रेघच घ्या.

खरी गडबड अक्षरांत होते. मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी घसरते, 'निघालोच'चं 'नघिालोच' होतं. मराठी न येणारा कारागीर तेच गोंदतो. चित्र किंवा पीडीएफ द्या. अक्षराची उंची सेंटिमीटरभर हवी, नाहीतर 'घ'ची पोकळी बुजते. 'मिनिटं'वरचा अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा ठेवा, चिकटला की नुसतं 'मिनिट' उरतं. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधीचा कच्चा ठसा, हातावर उमटली की तिऱ्हाइताकडून मोठ्यानं वाचून घ्या. सेल्फीत तपासू नका, काही फोनमध्ये उलटं दिसतं.

कडक_चहा: आधी मेंदीच्या कोनानं तेवढंच काढून घ्या. आठवडाभर राहतं. तेवढ्यात स्वतःलाच कंटाळा आला तर पैसे वाचले. फक्त 'काळी मेंदी' नको, तिच्यात बऱ्याचदा केस रंगवायचं रसायन असतं, फोड येतात.

सुई_शाई: बरोबर. आणि जत्रेतल्या मशीनवर बसू नका. एकच सुई रांगेत फिरली की हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळ्यांचा धोका. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे, शाई नव्या टोपणात ओतलेली. नंतर दोन-तीन आठवडे ऊन, विहीर, खपली खाजवणं बंद. एप्रिल-मे टाळलेलाच बरा, घामानं जखम चिघळते. वर्षभर रक्तदानही करता येत नाही. भरतीची तयारी असेल तर त्या जाहिरातीतला गोंदणाचा नियम आधी वाचा.

भुईमूग_लातूर: प्लेट काढली. टँकरचं तोंड कुणीकडं?

कडक_चहा: मनगटाकडं. कोपराकडं केलं तर रिकामा होऊन परत चाललाय असं वाटंल.