ऑनर्सचं चौथं वर्ष प्रत्येक विभागाने काढायलाच हवं का?

निळी_शाई
एनईपीची (नव्या शैक्षणिक धोरणाची, ज्यात चौथं वर्ष केलं की ऑनर्स डिग्री) बॅच आपल्याकडे महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आली, बाकी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला, म्हणजे चौथं वर्ष काही ठिकाणी २०२६-२७ ला आणि बाकी ठिकाणी २०२७-२८ ला शिकवायचंय. आणि मी अर्थशास्त्राच्या सिलॅबसच्या मीटिंगांना बसतोय तिथे एकच चाललंय, एमए पार्ट वनचे पेपर उचलायचे, सातव्या-आठव्या सेमला (सेमिस्टरला, म्हणजे चौथ्या वर्षाला) टाकायचे, झालं ऑनर्स.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या विभागाला पहिल्या सेमपासून आठव्यापर्यंत एकावर एक चढत जाणाऱ्या पेपरांचा जिना बांधता येत नाही त्याने चौथं वर्ष काढू नये, तीन वर्षांची डिग्री नीट द्यावी.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात कोर्सना नंबर दिलेत ते उगाच नाहीत. १०० च्या घरातले पायाभूत, २०० मधले, ३०० वरचे, ४०० प्रगत. ४०० चा पेपर निवडायचा तर खालचा कुठला आधी झालेला पाहिजे हे ठरवणं हे विभागाचं काम. आमच्याकडे इकॉनोमेट्रिक्स (संख्याशास्त्र वापरून अर्थशास्त्रातले संबंध तपासणं) सातव्या सेमला टाकायचं ठरतंय. मेजर म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र, मायनर म्हणजे जोडविषय इतिहास घेतलेल्या पोराने गणित दहावीला सोडलं ते सोडलं, मधे स्टॅटिस्टिक्सचा पेपर कंपलसरी नाही. एमएला आत्ताच बघतोय, रिग्रेशनचं (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते मोजण्याचं) टेबल पुढे ठेवलं की को-एफिशियंट, म्हणजे परिणामाचा आकडा, वाचतात आणि त्याच्या खाली कंसातला स्टँडर्ड एरर, म्हणजे तो आकडा किती अनिश्चित आहे त्याचं माप, कशासाठी छापलाय ते वर्गात दोघातिघांना सांगता येतं. मग तोच पेपर एक डिग्री आधी आणून काय साधणार?

तालुका_प्राध्यापक
सर, तुमचं शहरात बसून बरोबर असेल पण आमच्या कॉलेजात निम्म्याच्या वर मुली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींना घरून स्पष्ट सांगितलेलं असतं की गावात आहे तोवर शिक, बाहेर पाठवणार नाही. आमच्याकडे एमए नाही. चौथं वर्ष निघालं तर त्या मुलीला आणखी एक वर्ष मिळतं आणि पुढे एमए एकाच वर्षात होतं, ही साधी गोष्ट नाहीये. तुम्ही म्हणता आधी जिना बांधा, अहो जिना बांधून होईस्तोवर तिचं लग्न लागलेलं असतं.

एस_थ्री_एस_फोर
मी पुणे विद्यापीठाचा जुना बीए. पहिल्या वर्षी जी१ (जनरल पेपर), मग जी२ बरोबर एस१ एस२ (निवडलेल्या विषयाचे स्पेशल पेपर), टीवायला जी३ एस३ एस४. मुंबईवाले टीवायला एकाच विषयाचे सहा पेपर करायचे. स्पेशल घेतला की खरंच त्या विषयात मुरायला व्हायचं, ऑनर्स हा शब्द नव्हता एवढंच. आता पहिल्या दोन वर्षांत ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा पेपर), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे पेपर), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), को-करिक्युलर इतकं भरलंय की मेजरला तास उरत नाहीत आणि मग ते राहिलेलं भरून काढायला चौथं वर्ष. मला तर प्रश्न चुकीच्या टोकाला विचारल्यासारखा वाटतोय. आधी एफवाय-एसवायची गर्दी कमी करा.

निळी_शाई
@एस_थ्री_एस_फोर गर्दी आहे हे मान्यच, पण ती जीआरने ठरलीये, विभागाच्या हातात नाही. विभागाच्या हातात काय आहे तर मेजरच्या आत काय कुठे ठेवायचं. एक एसईसी आकडेवारीच्या कामासाठी वापरता येतो, स्प्रेडशीटवर खरा डेटा घेऊन सरासरी, विचलन, सहसंबंध एवढं एसवायला झालं तरी ४०० चा पेपर उभा राहतो. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, विभागातल्या चार जणांनी एकत्र बसावं लागतं.

@तालुका_प्राध्यापक मॅडम/सर, त्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं आणि म्हणूनच विचारतो, तिला चार वर्षांचं ऑनर्सचं सर्टिफिकेट मिळालं आणि बाहेर एमएच्या त्या एका वर्षात, जिथे चौथं वर्ष झालंय असं धरूनच शिकवणार, तिला काही झेपलं नाही, तर?

तालुका_प्राध्यापक
मॅडम. आणि झेपेल. दरवर्षी आमच्या मुली विद्यापीठात जाऊन पहिले दोन महिने रडतात आणि मग निघतात पुढे. न झेपण्याची भीती दाखवून दार बंद करणं हे आम्ही फार बघितलंय.

प्रयोगवही
फिजिक्सवाली इकडे. आर्ट्सच्या चर्चेत एक राहतंय, ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च हे दोन वेगळे आहेत. रिसर्चवाल्याला पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट करायचा, साध्या ऑनर्सवाल्याने त्याऐवजी कोर्स करायचे. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सेमला ३० तास लॅब. आमच्याकडे एकच चांगला ऑसिलोस्कोप आहे त्यावर एमएस्सीची पोरं रांगेत असतात. म्हणून मी म्हणेन साधं ऑनर्स सगळीकडे द्या, रिसर्चवालं मात्र जिथे संशोधनाला मार्गदर्शक आणि लॅब आहे तिथेच. निळी शाई दोन्ही एकत्र करून बोलतायत.

तासिकावाला
सगळे सिलॅबसवर बोलतायत, शिकवणार कोण ते कुणी विचारत नाही. आमच्या विभागात कायम एक जण, बाकी आम्ही सीएचबी (तासिका तत्त्वावरचे), दर वर्षी नवी ऑर्डर. असिस्टंट प्रोफेसरचा वर्कलोड आठवड्याला १६ तास, तो एफवाय-एसवाय-टीवायलाच भरून वाहतोय. ४०० चा पेपर तयार करायला वेळ लागतो हो, नुसतं गाईड उघडून होत नाही, आणि पुढच्या जूनला मी असेन की नाही तेच माहीत नसताना मी चार वर्षांचा जिना कसा आखू? पदं भरा, मग चौथ्या वर्षाचं बोला. दिल्ली विद्यापीठाने २०१३ ला चार वर्षांचा कोर्स घाईने आणला आणि २०१४ ला मागे घेतला, मधली बॅच लटकली.

निळी_शाई
@तासिकावाला हेच तर माझं म्हणणं आहे, तुम्ही जास्त नीट मांडलंत. @प्रयोगवही तुमचा फरक बरोबर आहे पण साध्या ऑनर्सलाही ४०० चेच कोर्स लागतात ना, तिथे खालची पायरी नसेल तर लॅब नसण्याइतकीच अडचण. शिवाय यूजीसीच्या नंबरात चौथं वर्ष ४०० आणि दोन वर्षांच्या मास्टर्सचं पहिलं वर्ष ५००, पण आपल्या राज्याच्या चौकटीत दोन्ही एकाच पातळीवर, लेवल ६.० वर, म्हणून तर एमएचे पेपर सरळ कॉपी करायची सोय झालीये.

प्रयोगवही
एकाच वर्गात चौथ्या वर्षाचे आणि मास्टर्सच्या पहिल्या वर्षाचे दोघं बसले तर बिघडलं काय? शिक्षक कमी आहेत तर तेच शहाणपणाचं. पाया कच्चा असेल त्याला सुरुवातीचे तीन आठवडे ब्रिज क्लास घ्या.

निळी_शाई
तीन आठवड्यांत स्टॅटिस्टिक्स होत नाही, मी घेऊन बघितलंय.

तालुका_प्राध्यापक
मग असं करू या का, अॅकॅडमिक बँकेत (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात) क्रेडिट दुसऱ्या संस्थेतलं जमा होतंच. चौथं वर्ष आमच्या कॉलेजात राहू द्या, ४०० चे जे दोन पेपर आम्हाला जमत नाहीत ते जिल्ह्याच्या कॉलेजने शनिवारी घ्यावेत, एसटीचा पास आम्ही मुलींना काढून देतो. पण त्यासाठी आम्हाला एफवायलाच कळलं पाहिजे की सातव्या सेमला काय लागणार आहे. तुमच्या मीटिंगमध्ये तो तक्ता करून आमच्यापर्यंत पोचवाल का, ते आधी सांगा.

निळी_शाई
अर्थशास्त्राचा करतो. पुढच्या मीटिंगला मांडतो, स्टॅटिस्टिक्स चौथ्या सेमला कंपलसरी धरून. पण शनिवारचे पेपर घ्यायला जिल्ह्याचं कॉलेज तयार झालं नाही तर चौथं वर्ष काढू नका, हे माझं मत तसंच आहे.

तालुका_प्राध्यापक
आणि आम्ही काढणार, हे आमचं.